सेन्सर स्वस्तच घ्यावा

दाराला आणि खिडकीला सेन्सर लावायचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो. ‘स्वस्तातला घेऊ नका, सुरक्षेचा प्रश्न आहे. एखाद्या नावाजलेल्या कंपनीचा पूर्ण संच घ्या, महिन्याचे काय असतील ते पैसे भरा आणि निश्चिंत व्हा.’ सल्ला देणारा कधी इंटिरिअर डिझायनर असतो, कधी सोसायटीचा सेक्रेटरी, कधी नुकताच संच विकत घेतलेला शेजारी. ऐकायला तो इतका शहाणपणाचा वाटतो की त्याला कुणी हटकत नाही. मला हटकायचा आहे. माझं म्हणणं असं की सेन्सर स्वस्तच घ्यावा; पैसे आणि डोकं खर्च करायचं ते सेन्सरचा निरोप आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने येतो यावर. महागड्या संचाचे पुरस्कर्ते नेमकं उलट करतात. डबीवर पैसे घालवतात आणि निरोपाची वाट परक्याच्या हवाली करतात.

आधी त्यांची बाजू नीट मांडू. स्वस्त सेन्सरचं काम कच्चं असतं, त्याचा बिनतारी संदेश कुणालाही पकडता येतो आणि उद्या काही बिनसलं तर दाद मागायला कुणी नसतं, असे त्यांचे तीन आक्षेप आहेत. तिन्ही रास्त आहेत. ‘म्हणून महाग घ्या’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र एकाही आक्षेपातून निघत नाही.

कामापासून सुरुवात करू. दाराच्या सेन्सरचे दोन तुकडे असतात. एकात चुंबक, दुसऱ्यात बहुतेक वेळा रीड स्विच, म्हणजे काचेची बारीक बंद नळी आणि तिच्यात चुंबकाने ओढल्या जाणाऱ्या धातूच्या दोन पात्या. चुंबक जवळ आला की पात्या चिकटतात, दूर गेला की सुटतात. हा भाग १९३६ साली अमेरिकेत बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये वॉल्टर एलवुड यांनी तयार केला. त्यात आज कोणाचं गुपित उरलेलं नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सुटा रीड स्विच किरकोळ पैशांत मिळतो. हजाराच्या आतला सेन्सर आणि पाच हजारांचा सेन्सर उघडून शेजारी ठेवले, तर दार उघडलं की नाही हे ओळखणारा भाग दोन्हींत बहुधा सारखाच निघेल. हालचाल टिपणाऱ्या पीआयआर सेन्सरचीही तीच गत. माणसाच्या अंगातून नऊ-दहा मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत जास्त उष्णता बाहेर पडते. पुढचं खाचांचं प्लॅस्टिक भिंग खोलीचे पट्टे पाडतं आणि माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की आतल्या स्फटिकावर पडणारी उष्णता बदलते. इतकंच त्याचं काम. महागात भिंग जरा चांगलं असेल, प्लॅस्टिक गुळगुळीत असेल, खोका सुंदर असेल. भौतिकशास्त्र तेच राहतं.

संदेश पकडला जाण्याचा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्यातला खरा भाग आधी मान्य केला पाहिजे. ४३३ मेगाहर्ट्झवर चालणारे अगदी स्वस्त सेन्सर बाजारात आहेत. त्यांचा कोड ठरलेला असतो. कोणतंही कुलूप न लावता तो हवेत सोडला जातो, आणि कुणी एकदा ध्वनिमुद्रण करावं तसा टिपून ठेवला तर पुन्हा वाजवता येतो. पुष्कळदा हे सेन्सर फक्त ‘उघडलं’ एवढंच सांगतात. ‘बंद झालं’ सांगत नाहीत. निरोप पोचला का, हे तर त्यांना कधीच कळत नाही. असले सेन्सर घेऊच नयेत. पण हा दोष किमतीचा म्हणायचा, तर सिम्प्लिसेफचं काय करायचं? अमेरिकेतली ही नावाजलेली गृहसुरक्षा कंपनी. २०१६ च्या फेब्रुवारीत आयओॲक्टिव्ह या संस्थेच्या संशोधकाने दाखवून दिलं की घरमालक कीपॅडवर पिन टाकतो तेव्हा हवेत जाणारा संदेश टिपून नंतर जसाच्या तसा पाठवला की अलार्म बंद होतो. त्यातली चिप एकदाच लिहिता येणारी होती, त्यामुळे विकून झालेल्या यंत्रांत दुरुस्ती करण्याची सोयही नव्हती.

त्याच वर्षी जानेवारीत रॅपिड सेव्हन या संस्थेने कॉमकास्ट कंपनीच्या ‘एक्सफिनिटी होम’ या महिन्याला पैसे घेणाऱ्या सेवेतला दोष जाहीर केला. तो याहून बोलका आहे. रेडिओचा अडथळा आणून सेन्सरचा संपर्क तोडला, तरी ही यंत्रणा ‘सगळी दारं बंद आहेत’ असंच सांगत राहायची. झिग्बी या तिथल्या सेन्सरांच्या बिनतारी भाषेतली कुलपं कुणी फोडली नव्हती. संपर्क तुटला याचा अर्थ काय लावायचा, तेवढं ठरवणाऱ्यांनी चुकीचं ठरवलं होतं.

सुरक्षेची खरी कसोटी इथे आहे. रात्री गस्त घालणारा गुरखा तासातासाला काठी आपटायचा, तेव्हा त्याच्या आवाजापेक्षा आवाज न येणं जास्त महत्त्वाचं असायचं. काठी ऐकू आली नाही की लोक उठून बसायचे. सेन्सरनेही ठरावीक वेळाने ‘मी आहे’ म्हणायला हवं आणि तो गप्प झाला तर यंत्रणेने बोंब मारायला हवी. हे काम सेन्सरच्या किमतीवर ठरत नाही. ऐकणाऱ्या यंत्रणेवर ठरतं. झिग्बीच्या सेन्सरकडून ठरावीक वेळाने अशी हजेरी घेता येते. मात्र ती हजेरी कोण बघतं आणि किती उशिराने, हे तपासावं लागतं. झिग्बी-टू-एमक्यूटीटी ही फुकट मिळणारी, जाणकारांची आवडती प्रणाली बॅटरीवरच्या सेन्सरला ‘हरवला’ म्हणायला मुळात २५ तास थांबते. तो आकडा बदलता येतो आणि बदलावाच. महागड्या संचात हा आकडा किती आहे, हे विचारून पाहा. विकणाऱ्याला प्रश्नच कळला नाही, तर तुम्हाला उत्तर मिळालं असं समजा.

राहिला दाद मागण्याचा प्रश्न. इथे तर नावाजलेल्या कंपन्यांचा इतिहास त्यांच्याच विरोधात साक्ष देतो. गूगलच्या घरातली नेस्ट कंपनी. तिचा ‘नेस्ट सिक्युअर’ हा संच २०१७ साली ४९९ डॉलरला बाजारात आला. २०१९ च्या फेब्रुवारीत ग्राहकांना कळलं की त्याच्या मुख्य यंत्रात एक मायक्रोफोन आहे आणि त्याचा उल्लेख माहितीपत्रकात नव्हता. २०२० मध्ये विक्री थांबली. ८ एप्रिल २०२४ ला सेवाच बंद झाली. त्याआधी याच नेस्टने ‘रिव्हॉल्व्ह’ ही कंपनी विकत घेऊन तिचा तीनशे डॉलरचा हब, म्हणजे उपकरणांचे निरोप गोळा करणारं घरातलं यंत्र, १५ मे २०१६ ला बंद केला. तो घेणाऱ्यांना आयुष्यभराच्या सेवेचा शब्द दिलेला होता. ‘विंक’ या अशाच हबवाल्या कंपनीने २०२० साली तोपर्यंत फुकट असलेल्या सेवेला अचानक मासिक वर्गणी लावली. एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’चे सर्व्हर ग्राहकांना काही न सांगताच बंद पडले, पुढे ग्राहकांतल्याच काही जणांनी कंपनी विकत घेतली म्हणून ते पुन्हा सुरू झाले. या सगळ्यांत एकाही सेन्सरमधला चुंबक बिघडला नव्हता. वाट दुसऱ्याच्या मालकीची होती, एवढंच. कंपनी मोठी असली की सेवा टिकते, ही आपली समजूत. मोठ्या कंपनीला एखादी लहान सेवा बंद करणं अधिक सोपं जातं, कारण तिच्या ताळेबंदात त्याने फरक पडत नाही.

आता दुसऱ्या टोकाचे सल्लागार. ते म्हणतात, ‘स्वस्तच घ्यायचं तर थेट वायफायचा सेन्सर घ्या. हबचा खर्च वाचेल.’ मी स्वस्ताचा पक्ष घेतो म्हणून हे माझ्या बाजूचे, असं कुणी समजू नये. बॅटरीवरच्या सेन्सरसाठी वायफाय हा महागडा सौदा आहे. दर वेळी झोपेतून उठायचं, राउटरशी ओळख पटवायची, इंटरनेटवरच्या सर्व्हरपर्यंत जायचं, मग निरोप द्यायचा. यात सेकंद जातात आणि तेवढा वेळ सेल रिकामा होत असतो. झिग्बीचा सेन्सर हेच काम मिलिसेकंदांत आटोपून झोपतो, म्हणून त्याला घड्याळवाल्याकडे मिळणारा सीआर २०३२ हा बटण सेलही पुरतो. दिवसातून चाळीस वेळा उघडणाऱ्या मुख्य दारावर हा फरक काही महिन्यांतच दिसतो. शिवाय ब्रॉडबँडवाला बदलला की राउटर बदलतो, राउटर बदलला की वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलतो, आणि मग स्टूल घेऊन एकेक सेन्सर पुन्हा जोडत बसायचं. चार सेन्सर असतील तर ठीक. बारा असतील तर रविवार गेला. हबवर वाचवलेले दीड-दोन हजार रुपये असे सेलांवर आणि रविवारांवर जातात.

झिग्बी घेतलं म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. परदेशी लेखांतून जशीच्या तशी उचललेली शिफारस इथल्या घरात आपटते. झिग्बीची उपकरणं एकमेकांचे निरोप पुढे नेतात, पण ते काम फक्त विजेवर चालणारी उपकरणं करतात; सेलवरची नाहीत. म्हणून सांगतात की वाटेत एखादा स्मार्ट प्लग लावा. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र बटण असतं आणि काम झालं की ते बंद करायची आपल्याला लहानपणापासूनची सवय असते. कुणीतरी तो प्लग बंद करतो आणि मागच्या दोन खोल्यांतले सेन्सर मुके होतात. भारनियमनात तर सगळेच दुवे एकदम जातात. सेन्सर सेलवर चालतो म्हणून वीज गेली तरी चालेल, असं विक्रेता सांगतो. चालेल खरं, पण ऐकायला कुणी नसेल. हब, राउटर आणि मधला दुवा हे तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत आणि दुवा असलेल्या सॉकेटच्या बटणावर चिकटपट्टी मारावी. कोकणात जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात एकाऐवजी दोन दुवे लागतील. महागड्या संचाच्या किमतीत हे काहीच येत नाही. ते तुम्हालाच करावं लागतं.

परदेशातल्या नातेवाइकांचाही एक सल्ला असतो. ‘तिथलं काही घेऊ नकोस, मी इथून घेऊन येतो.’ न्यू जर्सीहून आलेल्या बॅगेत झेड-वेव्ह या झिग्बीसारख्याच दुसऱ्या बिनतारी भाषेचा संच निघतो. अमेरिकेतलं झेड-वेव्ह ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं. भारतात त्यासाठी ८६५ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. ९०८ हा आकडा इथे ८९० ते ९१५ या मोबाइल फोनच्या पट्ट्यात येतो. म्हणजे ते यंत्र इथल्या झेड-वेव्ह उपकरणांशी बोलणार नाही आणि वापरलं तर कायद्यातही बसणार नाही. झिग्बी आणि वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर जगभर सारखेच चालतात. प्रेमाने आणलेली वस्तू असली तरी खोक्यावरचा आकडा आधी वाचावा.

आता ‘पूर्ण संच’ या कल्पनेकडे येतो, कारण पैशांची खरी उधळपट्टी तिथे होते. संचात खिडक्यांचे सेन्सर मोजून दिलेले असतात, जणू आपल्या खिडक्या थंड देशातल्या खिडक्यांसारख्या बंदच असतात. आपल्याकडे वाऱ्यासाठी खिडकी उघडी असते आणि तिला बाहेरून लोखंडी ग्रिल असते. चोवीस तास उघड्या खिडकीवरचा सेन्सर काय सांगणार? ग्रिलचं काम ग्रिलने करावं. सेन्सर लागतो तो मुख्य दाराला, गच्चीच्या दाराला, बाल्कनीच्या सरकत्या दाराला आणि तळमजल्यावर असाल तर मागच्या दाराला. अशा तीन-चार जागा भरतात. संच दहा-बारा सेन्सरांचा असतो. सरकत्या खिडकीवर लावायचाच असेल, तर कोणतं शटर सरकेल याचा भरवसा नसतो. एक शटर कायमचं अडकवून दुसऱ्यावर सेन्सर लावावा, नाहीतर दोन घ्यावेत.

सेफ्टी डोअर लोखंडी असेल, तर लोखंड चुंबकाचा जोर खातं आणि माहितीपत्रकात लिहिलेलं अंतर बरंच कमी होतं. मध्ये लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी घालावी. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, फट बदलते आणि दुहेरी चिकटपट्टी दमट हवेत हार मानते. बारीक स्क्रू मारता येतील असा सेन्सर निवडावा. हे सगळं मिलिमीटरचं आणि हाताचं काम आहे. कुठल्याही ब्रँडचं नाव ते तुमच्यासाठी करत नाही.

प्रत्येक खोलीत पीआयआर लावण्याचा सल्ला तर आपल्या हवामानाचा विचार न करता दिलेला असतो. पीआयआरला माणूस दिसत नाही. माणूस आणि भिंत यांच्या उष्णतेतला फरक दिसतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. घराचे लोक गावाला, कूलर बंद, खिडक्या लावलेल्या, वर तापलेला स्लॅब. आतली भिंत अंगाइतकीच गरम. घर सर्वांत जास्त दिवस रिकामं असतं तेव्हाच पीआयआर आंधळेपणाच्या जवळ जातो. चांगल्या सेन्सरमध्ये गरमीत संवेदनशीलता वाढवण्याची सोय असते, पण फरकच उरला नाही तर वाढवणार काय? दाराच्या चुंबकाला मात्र या उन्हाने काहीच होत नाही. उरलेल्या वर्षभरात भिंगावरून फिरणारी पाल, पंख्याने हलणारा उन्हातला पडदा आणि देवघरातली थरथरणारी समई खोटे इशारे देतातच. काचेपलीकडचं तर त्याला दिसतच नाही. खिडकीची काच ही उष्णता अडवते. रडारवर चालणारे नवे सेन्सर स्थिर बसलेला माणूसही ओळखतात, पण त्यांना कायम वीज लागते आणि पातळ पार्टिशनपलीकडची हालचालही ते मोजतात. तेव्हा पीआयआर एकच घ्यावा. तो पॅसेजमध्ये, उष्णतेच्या झोतापासून दूर आणि येणारा माणूस समोरून नव्हे तर आडवा जाईल असा लावावा. दारांचा पहारा चुंबकाकडेच ठेवावा.

‘एवढा खटाटोप कशाला? सीसीटीव्ही लावा’ हा यावरचा हुकमी तोडगा. बाहेरच्या गेटवर कॅमेरा असावा, माझा विरोध नाही. पण हाच तोडगा घराच्या आत आला की मला तो अश्लाघ्य वाटतो. पुण्या-मुंबईत किती तरी घरांत आईवडील दोघंच असतात आणि मुलं परदेशात किंवा बंगळूरला. काळजीपोटी हॉलमध्ये, कधी बेडरूमच्या दारापर्यंत कॅमेरे येतात. मुलांना हवी असते ती माहिती एवढीच : सकाळी दार उघडलं का, दूध आत घेतलं का, दुपारपर्यंत घरात वावर होता का? ती दाराच्या एका सेन्सरमधून आणि पॅसेजमधल्या एका पीआयआरमधून मिळते. आईच्या चेहऱ्याचं चित्र कुठल्या सर्व्हरवर जावं लागत नाही. तेही आईवडिलांना विचारूनच करावं. रात्री कितीदा उठलो याची नोंदसुद्धा माणसाला खाजगी वाटू शकते.

‘हे सगळे इंजिनिअरांचे उद्योग आहेत, सामान्य माणसाने करावं कसं?’ हा शेवटचा आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप. होम असिस्टंट ही घरातच चालणारी मोफत प्रणाली २०१३ पासून आहे आणि जुना लॅपटॉप व एक झिग्बी डोंगल यांवर ती चालते, पण ती शिकावी लागते हे खरं. ज्यांना नको, त्यांनी तयार हब घ्यावा. मात्र तो झिग्बी किंवा मॅटर यांसारख्या सामाईक भाषेत बोलणारा आणि इंटरनेट नसतानाही घरातल्या घरात काम करणारा असावा. मॅटर हे मानक ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झालं आणि दार-खिडकीचे सेन्सर त्यात पहिल्यापासून आहेत. काही एको स्पीकरांत झिग्बीचा हब असतो, पण त्यांचा कारभार बराचसा ॲमेझॉनच्या सर्व्हरवर टेकलेला असतो. सामाईक भाषेचा फायदा साधा आहे : उद्या हबवाली कंपनी उठून गेली, तर तेच सेन्सर दुसऱ्या हबला जोडता येतात. स्वतःच्याच बंद भाषेत बोलणारे दहा महागडे सेन्सर त्या दिवशी कचरा होतात.

आणि हेही स्पष्ट बोलू : सेन्सर चोर अडवत नाही, स्वस्तही नाही आणि महागही नाही. ते काम कडी, कुलूप आणि ग्रिलचं. सेन्सर फक्त वेळेवर सांगतो. म्हणून त्याची परीक्षाही सांगण्याचीच घ्यावी, आणि माल परत करण्याची मुदत संपायच्या आत घ्यावी. इंटरनेटची वायर काढा आणि दार उघडा. घरात भोंगा वाजला पाहिजे. घराचा मेन स्विच बंद करा आणि पुन्हा दार उघडा. इन्व्हर्टरवर तरी तो वाजला पाहिजे. मग एका सेन्सरचा सेल काढून ठेवा आणि तो हरवल्याची तक्रार यंत्रणा किती तासांनी करते ते बघा. पन्नास हजारांचा संच या तिन्ही परीक्षांना उतरत असेल, तर ज्याला परवडेल त्याने खुशाल घ्यावा. आठशे रुपयांचा सेन्सर आणि दोन हजारांचा हब उतरत असेल, तर त्याला खेळणं म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या संचाची वायर काढून दाखवावी.